पेट्रोल इंजिनचा प्लग : पारख, सफाई आणि बसवणी



लावण झाली, पाणी बसले, वाफसा आला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तणनाशकाची फवारणी उरकावी लागते. तण एकदा वर आले की उगवणीपूर्वी मारायच्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. नेमक्या त्याच दिवशी पेट्रोलचा फवारणी पंप दोरी ओढून ओढून हात दुखला तरी बोलत नाही. मग शेजारी बसलेला कोणीतरी सांगतो, "प्लग गेलाय, दुसरा टाका." दुसरा प्लग येतो, पंप दोन दिवस चालतो आणि पुन्हा तीच रड सुरू होते.

असे का होते, याचा विचार करावयास हवा. प्लग काळा पडला म्हणजे दोष प्लगचाच असतो असे नाही. पुष्कळदा दोष हवेच्या फिल्टरमध्ये, ऑइलच्या प्रमाणात, कार्ब्युरेटरमध्ये किंवा पिस्टनच्या रिंगांमध्ये असतो. प्लगवर फक्त त्याची खूण उमटते. ती खूण वाचता आली तर शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचे इंजिन खराब होण्याचे टळते. दुसरी गोष्ट बसवणीची. इंजिनचे हेड ॲल्युमिनियमचे असते व प्लगचे आटे लोखंडी. घाईने प्लग तिरका चढवला किंवा जोर लावून आवळला तर मरतात ते हेडचे आटे, प्लगचे नव्हे. म्हणून या लेखात प्लगची पारख, सफाई व बसवणी यांची माहिती क्रमाने दिली आहे.

प्लग कोणत्या इंजिनाला असतो?

प्रथम एक खुलासा. डिझेलचा ट्रॅक्टर, डिझेलचा पंप व डिझेलचा पॉवर टिलर यांना स्पार्क प्लग नसतो. तेथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनात मात्र ठिणगी पाडावी लागते. मोटारसायकल, स्कूटर, पाठीवरचा पॉवर स्प्रे, बांधावरचे गवत कापायचे यंत्र, पेट्रोलवरचा वीडर, छोटा जनरेटर आणि पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे जुने पंपसेट या सर्वांना प्लग असतो.

प्लगच्या मधोमध एक दांडी असते. तिच्याभोवती चिनी मातीसारखी दिसणारी पांढरी नळी असते, ती वीज बाहेर जाऊ देत नाही. त्याबाहेर आटे पाडलेले लोखंडी कवच, आणि कवचाच्या खालच्या टोकाला वाकवलेली एक पट्टी. दांडीचे टोक व ही पट्टी यांच्यामधल्या फटीला गॅप म्हणतात. कॉईलकडून हजारो व्होल्टची वीज येते, ती ही फट उडी मारून ओलांडते आणि ठिणगी पडते. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या टू स्ट्रोक इंजिनात दर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्याच वेळी सिलिंडरमधला जळता वायू दोन हजार अंशांच्या वर तापलेला असतो. एवढ्या लहानशा वस्तूवर किती ताण पडत असेल याची यावरून कल्पना यावी.

हा प्लग आजच्या रूपात जर्मनीत घडला. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. आपल्याकडे १९५१ साली बंगलोरला मोटार इंडस्ट्रीज कंपनी म्हणजेच 'मायको' स्थापन झाली. वयस्कर सभासदांच्या तोंडी अजून 'मायको प्लग' हेच नाव आहे. ही कंपनी २००८ पासून बॉश या नावाने चालते.

गरम प्लग आणि थंड प्लग

गुऱ्हाळावर पाक कमी तापला तर गूळ बसत नाही, जास्त तापला तर करपतो. प्लगच्या टोकाचेही असेच आहे. ते साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरच त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. त्याहून थंड राहिले तर काजळी साचून वीज तिच्यावरून निसटते आणि ठिणगी पडत नाही. उलट टोक साडेआठशे-नऊशे अंशांच्या वर गेले तर ते निखाऱ्यासारखे लाल होते, ठिणगीची वाट न पाहताच पेट्रोल पेटवते, आणि अशा अवेळी भडक्याने पिस्टनला भोक पडू शकते.

म्हणून प्रत्येक इंजिनाच्या कामाप्रमाणे प्लग ठरलेला असतो. ज्याच्या आतल्या पांढऱ्या नळीचे टोक लांब, तो उष्णता धरून ठेवतो. त्यास गरम प्लग म्हणतात. ज्याचे टोक आखूड, त्यातली उष्णता लवकर हेडमध्ये उतरते. तो थंड प्लग.

शर्यतीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारींना थंड प्लग घालतात, कारण त्यांचे इंजिन सतत पूर्ण जोरावर चाललेले असते. तोच प्लग गावात हळूहळू चालणाऱ्या गाडीला घातला तर चार दिवसांत काजळीने भरतो. तेव्हा "रेसिंगचा प्लग टाकला की गाडी पळते" या बोलण्यावर जाऊ नये.

प्लगवरील नंबर नीट पाहा. येथे एक मोठी गफलत होते. एन.जी.के.च्या प्लगमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या हल्लीच्या प्लगमध्ये नेमके उलट. आकडा जितका लहान तितका प्लग थंड. आणि मायकोच्या जुन्या १४५, १७५, २२५ या नंबरांत पुन्हा मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. सबब एका कंपनीचा ७ आणि दुसऱ्या कंपनीचा ७ एकच समजू नये. दुकानदार "ह्यो बी बसतोय की" म्हणाला तरी इंजिनच्या पुस्तकातला नंबर दाखवून तोच किंवा तक्त्याप्रमाणे जोडीचा प्लग मागावा.

आट्यांची जाडी व लांबीही जुळली पाहिजे. जाडी १०, १२ किंवा १४ मि.मी. असते. १४ मि.मी.च्या प्लगांत आट्यांची लांबी बहुधा अर्धा इंच किंवा पाऊण इंच असते. अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंचाचा प्लग बसवला तर तो आत डोकावतो आणि पिस्टनवर आदळू शकतो. पाऊण इंचाच्या जागी अर्ध्या इंचाचा बसवला तर उरलेल्या आट्यांत काजळी भरते, आणि पुढे बरोबर प्लग आणला तरी तो आत जात नाही.

प्लग काढण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे ओढले जातात. टोपी काढताना वायर धरून ओढू नये, टोपीलाच धरून किंचित फिरवत काढावी. प्लग सोडण्यापूर्वी त्याच्या भोवतीची माती, पाचटाचा भुसा हवेने किंवा ब्रशने साफ करावा. ही पायरी पुष्कळजण गाळतात. मग तीच माती प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टन-रिंगांना घासते. पाना प्लगवर सरळ बसला पाहिजे. तिरक्या पान्याने पांढरी नळी तडकते. प्लग घट्ट असेल तर थोडे सैल करून थोडे ऑइल सोडावे, काही वेळ थांबावे, आणि पुढे-मागे फिरवत काढावा.

प्लगचे तोंड पाहा

शर्यतीच्या गाड्यांचे मिस्त्री गाडी पूर्ण जोरावर असताना इंजिन एकदम बंद करवतात, गाडी तशीच गडगडत आणवतात आणि प्लग काढून बघतात. कारण इंजिन नुसते मंद फिरत ठेवले तर प्लगवर काजळी बसते व खरी खूण झाकली जाते. आपणही पंपाचा किंवा वीडरचा प्लग पाहायचा असेल तर यंत्राकडून दहा-पंधरा मिनिटे नेहमीच्या जोराने काम घ्यावे, मंद न ठेवता लगेच बंद करावे, थंड झाल्यावर प्लग काढावा. मोटारसायकलवर मात्र चालू रस्त्यात असला प्रयोग करू नये; लांबच्या फेरीनंतर पाहिले तरी पुरते.

भाकरीच्या पापुद्र्यासारखा फिकट तपकिरी किंवा करडा रंग : इंजिन ठीक आहे. शिसे घातलेले पेट्रोल देशात २००० सालापासून बंद झाले, त्यामुळे रंग पूर्वीइतका गडद येत नाही. फिकट दिसला म्हणून घाबरू नये.

कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. प्रथम हवेचा फिल्टर पाहावा. चोक उघडा राहतो काय, इंजिन फार वेळ मंद फिरते काय, प्लग जरुरीपेक्षा थंड आहे काय, हे नंतर पाहावे. येथे नुसता प्लग बदलून काही साधत नाही.

ओला, तेलकट काळा थर : टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले किंवा भलतेच ऑइल घातले. फोर स्ट्रोकमध्ये रिंगा झिजल्या किंवा वॉल्व्हच्या बाजूने ऑइल उतरते आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर मिस्त्रीला दाखवावे.

नुसता पेट्रोलने भिजलेला : पेट्रोल येते पण ठिणगी नाही, किंवा चोक ठेवून दोरी ओढत राहिल्याने पेट्रोल तुंबले आहे.

पांढराफटक, फोड आल्यासारखा, टोके वितळू लागलेली : ही धोक्याची खूण आहे. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, कार्ब्युरेटरजवळ कोठून तरी हवा शिरते आहे, हेडच्या पंखांत माती-भुसा भरून इंजिन तापते आहे, प्लग सैल आहे किंवा जरुरीपेक्षा गरम आहे. टू स्ट्रोकमध्ये ऑइलचे प्रमाणही लगेच तपासावे. कारण सापडेपर्यंत यंत्र चालवू नये. येथे दुर्लक्ष केले तर पिस्टनच जातो.

आतली पांढरी नळी तुटलेली : प्लग टाकून द्यावा. तुकडा सिलिंडरमध्ये पडला नाही ना याची खात्री केल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

बाहेरच्या बाजूस, पांढऱ्या नळीच्या बुडाशी तपकिरी वळ दिसतो, त्यावरून पुष्कळजण "प्लगातून गॅस निघतोय" म्हणून चांगला प्लग फेकतात. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतील तेलाचे सूक्ष्म कण तेथे चिकटतात, त्याचा तो डाग असतो. त्याने काही बिघडत नाही.

सफाई आणि गॅप

प्लग पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या दात घासायच्या ब्रशाने धुवावा व पूर्ण वाळवावा. हे काम चूल, स्टोव्ह, विडी यांच्यापासून लांब करावे. तारेचा ब्रश पांढऱ्या नळीवर घासू नये. लोखंडाच्या बारीक रेघा तेथे राहतात आणि वीज त्यांवरून निसटते. ओला प्लग चुलीत किंवा गॅसवर धरून तापवण्याची सवयही सोडावी. एका बाजूने तापून नळीला न दिसणारी चीर जाते.

दांडीचे टोक झिजून गोल झाले असेल तर बारीक कानशीने सपाट करावे, कारण ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते. इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या बारीक टोकाच्या प्लगला मात्र कानस लावायची नाही.

गॅप फिलर गेजने मोजावी. लहान पेट्रोल इंजिनांत ती बहुधा ०.६ ते ०.८ मि.मी. असते, जुन्या मॅग्नेटोच्या इंजिनांत याहून कमी. पुस्तकात दिलेला आकडा खरा मानावा. गेज नसेल तर लोखंड कापायच्या हॅक्सॉचे पाते, दाते सोडून, साधारण ०.६ ते ०.६५ मि.मी. जाडीचे असते, अडल्या वेळी त्याचा अंदाज घेता येतो. पाते फटीत किंचित घासत जावे, अडकू नये आणि खुळखुळू नये. गॅप कमी करायची तर बाहेरची पट्टी हलकेच ठोकावी, वाढवायची तर पट्टीच वाकवावी. मधल्या दांडीला टेकू देऊन स्क्रू ड्रायव्हर घालू नये, नळी तुटते.

गॅप जास्त झाली तर ठिणगीला जास्त जोर लागतो, इंजिन लवकर सुरू होत नाही, भारावर मिसिंग मारते. गॅप कमी झाली तर ठिणगी लहान पडते आणि मंद चालीत इंजिन अडखळते.

ठिणगी तपासताना

पेट्रोलचा कॉक बंद करावा. सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्यावे. प्लग टोपीत घालून त्याचे लोखंडी कवच हेडला किंवा इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावे, परंतु प्लगच्या भोकापासून दूर. दोरी ओढली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते व ठिणगीने भडका होतो. प्लग हाताने धरू नये, रबरी मुठीच्या पकडीने धरावा. हृदयाचा पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम करू नये. टोपी मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढू नये. विजेला वाट न मिळाल्याने कॉईल बिघडू शकते.

निळसर, तडतडणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक, अधूनमधून पडणारी ठिणगी अशक्त. पण लक्षात घ्या, मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तिला जास्त जोर लागतो. बाहेर ठिणगी पडली म्हणून प्लग निर्दोष ठरत नाही. शंका असेल तर माहितीतला चांगला प्लग घालून पाहावा. नव्या प्लगनेही ठिणगी नसेल तर टोपी, वायर, बंद करायचा स्विच व कॉईल पाहावी.

बसवणी : येथे घाई नको

हेडवरची प्लगची बैठक स्वच्छ कापडाने पुसावी. प्लगला वायसर एकच असावा. वायसर नसेल तर प्लग आत जातो, दोन असतील तर वर राहतो.

पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्यावा व तो प्लगच्या वरच्या टोकावर चढवावा. ही नळी बोटांनी फिरवत प्लग आट्यांत चढवावा. प्लग सरळ असेल तर भराभर आत जातो. तिरका लागला तर नळी प्लगवर घसरते, म्हणजे आटे मरण्याआधीच आपणास कळते. असे झाले तर उलटे फिरवून पुन्हा लावावा. पाना लावून "जातोय का बघू" म्हणायचे नाही. प्लग वायसर टेकेपर्यंत हातानेच गेला पाहिजे.

त्यानंतरच पाना घ्यावा. नवा प्लग असेल तर वायसर टेकल्यापासून सुमारे अर्धा फेरा. जुनाच प्लग परत बसवत असाल, तर त्याचा वायसर आधीच दबलेला असतो म्हणून फक्त पाव फेऱ्याच्या आत. वायसरऐवजी निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक सोळांश फेरा पुरतो. टॉर्कचा पाना असल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मि.मी.च्या प्लगला साधारण अडीच ते तीन किलोग्रॅम-मीटर, आणि १० मि.मी.च्या प्लगला सव्वा किलोग्रॅम-मीटरच्या आत. पान्याला पाईप घालून जोर लावू नये. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नये. त्याने पाना हलका लागतो आणि माणूस नकळत जादा आवळतो.

सैल ठेवणेही तितकेच वाईट. प्लगची उष्णता आटे व बैठक यांतूनच हेडमध्ये उतरते. बैठक नीट टेकली नाही तर टोक तापून लाल होते. शेवटी टोपी 'टक्' आवाज येईपर्यंत बसवावी.

एवढे करूनही आटे गेलेच तर साबणाने, धाग्याने किंवा मोठा प्लग ठोकून वेळ मारून नेऊ नये. चांगल्या वर्कशॉपमध्ये हेड उतरवून नव्या आट्यांचे इन्सर्ट बसवता येते.

पेट्रोल आणि आपले इथेनॉल

उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. देशात दहा टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ साली गाठला गेला, २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ साली देशाने वीस टक्क्यांचा टप्पा गाठला. याचा ऊस उत्पादकांना आधार आहे. परंतु आपल्या लहान यंत्रांपुरते एक पथ्य पाळावे लागते.

इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. अर्धवट भरलेली टाकी पावसाळाभर तशीच ठेवली तर ओल वाढत जाऊन पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसते. इंजिनला पहिल्यांदा तेच मिळते. प्लग ओला होतो, ठिणगी असूनही इंजिन सुरू होत नाही. म्हणून महिना-दोन महिने काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करावी, आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. मग थंड झाल्यावर प्लग काढून भोकात थोडे इंजिन ऑइल सोडावे, दोरी दोनदा सावकाश ओढावी आणि प्लग बसवून ठेवावा. टू स्ट्रोकचे ऑइल-पेट्रोल मिश्रण कामापुरते व ताजे करावे. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ पडते. अशा इंजिनच्या प्लगवर पांढरेपणा वाढतो काय, यावर लक्ष ठेवावे.

पात्याला हात लावण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाची सूचना. वीडरच्या किंवा गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात मुळ्या, पाचट, दोरी अडकली की इंजिन बंद पडते. अशा वेळी पात्याला हात घालण्यापूर्वी प्लगची टोपी काढून बाजूला करावी. नुसते स्विच बंद करून भागत नाही. पाते हाताने फिरवताना इंजिन फिरले, आणि स्विच सदोष असला, तर ठिणगी पडून पाते झटका घेते. टोपी काढायला दोन सेकंद लागतात. गेलेले बोट परत येत नाही. घरातील मुलांना व गड्यांना हे आधी शिकवावे.

ध्यानात ठेवा

१. नंबर इंजिनच्या पुस्तकातलाच; आट्यांची जाडी व लांबी जुळवून घ्यावी.
२. साधारण दर १०० तास कामानंतर प्लग काढून तोंड पाहावे, गॅप मोजावी.
३. काजळी आली तर प्लगच्या आधी हवेचा फिल्टर पाहावा. तोंड पांढरे पडले तर कारण सापडेपर्यंत यंत्र बंद ठेवावे.
४. आधी हाताने, मग पान्याने. नव्याला अर्धा फेरा, जुन्याला पाव फेऱ्याच्या आत.
५. चांगल्या नंबराचा एक जादा प्लग व प्लगपाना फवारणीच्या पिशवीत कायम असावा.
६. काढलेला प्लग फेकण्यापूर्वी मिस्त्रीला दाखवावा. इंजिनला काय झाले आहे, हे त्याला त्यावरून पुष्कळ कळते.